गणपतीपर्यंतचं सगळं परत आलं

सांगली

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

नवी डिस्क बसवून, बॅकअपवरून कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. तू परवा फोन ठेवून दिलास, त्यानंतर मी दोन दिवस त्याला हात लावला नव्हता.

बॅकअपचं फोल्डर मी हलवलं असणार म्हणालास, ते तुझंच बरोबर. आवरायच्या सवयीने मी बॅकअपच्या डिस्कवरचं 'विंडोजइमेजबॅकअप', म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरची प्रत असलेलं फोल्डर, उचलून 'मंदारचं' या फोल्डरमध्ये ठेवलं होतं, म्हणून कॉम्प्युटरला बॅकअप दिसत नव्हता. ऋताच्या लॅपटॉपवर डिस्क लावून ते बाहेर काढलं, तर लगेच तारखेसकट दिसला. चूक माझी. पण दुकानदाराचंही ऐक. जुनी डिस्क ५०० जीबीची, त्याने २५६ची एसएसडी, ती नव्या प्रकारची डिस्क, बसवली. माझं सामान ९० जीबीसुद्धा नाही, तरी रिकव्हरी, म्हणजे बॅकअप परत घालणं, अडून बसली. नवी डिस्क निदान जुनीएवढी लागते. शेवटी १ टीबीची बदलून आणली. तुझा पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर त्यावरून सुरू व्हावा म्हणून एफ१२ दाबलं. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली, तेव्हा आप्पांना शेजारी बसवून घेतलं.

गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं आलं, बचत गटाचे हिशेबही. नंतरच्या फराळाच्या ऑर्डरी गेल्या. त्या वहीत आहेत. तू हसतोस त्याच वहीत.

आता तुझं. प्रबंधाची दुसरी प्रत कुठे आहे? रात्री अकराला बाइकवरून लॅपटॉप पाठीवर घेऊन येतोस, आणि सगळं त्यातच. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हे मला कोणी शिकवलं? शिवाय बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नये, व्हायरस आला तर तीही जाते. असो. तुला हे मी काय सांगायचं! रागावू नकोस.

२०१९ चा पूर आठवतो? पाणी पायरीला लागलं तेव्हा तू आधी सीपीयू माळ्यावर नेलास, आणि मी तांदळाचा डबा आधी म्हणून ओरडले. ते हिशेब वाचले म्हणून गटाचं कर्ज वेळेवर फिटलं. बायका अजून तुझं नाव काढतात. तुला कधी सांगितलं नव्हतं.

प्रत पुण्याला माईकडे तरी ठेव. लॅपटॉप काय, दुसरा येईल. हेल्मेट घालतोस ना?

पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात आहे. 'आई, हरवू नकोस' ही तुझी चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली आहे. चकल्या पाठवते, मोडल्या तर चुरा दह्यात खा. आणि प्रत कुठे ठेवलीस ते कळव.

तुझी,
आई