उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: आमची ‘सज्जता’ मोजलीत, आता ऑर्डर कोण देणार?

मा. उद्योगमंत्री,
स. न. वि. वि.

आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने गेल्या आठवड्यात पुढची ऑर्डर थांबवली. कारण, कारखाना डिजिटल तंत्रज्ञानासाठी किती तयार आहे हे मोजणाऱ्या आपल्या खात्याच्या डिजिटल सज्जता मूल्यांकनात आमची श्रेणी शून्य. हे गुण कोणाला नापास करायला नाहीत, श्रेणी कळली की तज्ज्ञ येईल, मशीन जोडायला अर्थसाहाय्य मिळेल, असं आपण जाहीर सांगितलं होतं. तज्ज्ञ आला नाही. अहवाल मात्र गिऱ्हाइकापर्यंत बिनचूक पोचला. निदान तेवढ्यापुरतं खात्याचं डिजिटल परिवर्तन पूर्ण झालंय, अभिनंदन!

मूल्यमापक केबिनमध्येच बसला. लेखी डिजिटल धोरण आहे का, क्लाउड आहे का, एआय आहे का? शॉपफ्लोअरवर आला असता तर त्याला आमची जुनी लेथ दिसली असती. तिला डेटा काढायला पोर्टच नाही, म्हणून आम्ही तिच्या मोटारीच्या वायरीवर करंट सेन्सर बसवलाय. मशीन किती वेळ चाललं, किती वेळ उभं राहिलं, हे त्यावरून कळतं. ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, काढायची तर आधी हेच कळावं लागतं; वेग आणि गुणवत्ता त्यानंतर. फॉर्मात याला रकाना नव्हता. ओळखीच्या एका कारखानदाराने सल्लागाराकडून धोरण लिहून घेतलं, त्याला श्रेणी तीन. त्याच्याकडे उत्पादनाचे आकडे अजून खडूने फळ्यावर लिहितात.

जर्मनीच्या अकाटेक या संस्थेने २०१७ मध्ये कारखाना डिजिटल होण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या: संगणकीकरण, यंत्रणांची एकमेकींशी जोडणी, काय घडतंय ते दिसणं, का घडतंय ते कळणं, पुढचा अंदाज येणं आणि शेवटी यंत्रणेने स्वतःहून जुळवून घेणं. कुठल्या पायरीपर्यंत जायचं हे कंपनीने खर्च आणि फायदा बघून ठरवायचं, असंही त्यात आहे. अशीच सज्जता मोजणाऱ्या सिंगापूरच्या निर्देशांकात सोळा बाबी आहेत. कामगारांचं शिक्षण आणि वरिष्ठांची कुवत त्यांतच येते. कुठून सुरुवात करावी हे कळावं म्हणून ही मोजमापं निघाली. आपण सगळ्याची एक बेरीज केलीत आणि ती आमच्या कपाळावर चिकटवलीत.

दहातले नऊ लघुउद्योग पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडकले असतील. हा अंदाज माझा; खात्याकडे खरा आकडा असेल तर छापा. मला रात्री झोप नाही. हप्ता थकला तर बँक सज्जता विचारत नाही, आणि ओव्हरटाइम का बंद झाला म्हणून विचारणाऱ्या कामगारांना मी कुठला निर्देशांक दाखवू? प्रदूषणाचा दाखला असो, कर्ज असो की कर, दर वेळी तीच माहिती नव्या पोर्टलवर नव्याने भरायची. तुमची खाती एकमेकांशी जोडलेली नाहीत आणि जोडणीत नापास आम्ही!

आमच्या संमतीशिवाय श्रेणी गिऱ्हाइकाला दाखवणं थांबवा. मशीन बघून फेरमूल्यांकन करा. ज्यांना शून्य दिलंत त्यांच्याकडे तज्ज्ञ आधी पाठवा, तीनवाल्यांकडे सल्लागार आहेतच. आणि या पत्राला उत्तर म्हणून तक्रार क्रमांक पाठवू नका, तो माझ्याकडे आहे.

आपला,
शून्य श्रेणीचा एक लघुउद्योजक