माळावरच्या पापुद्र्याला जेसीबीपासून वाचवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : माळरानावर खोदकाम मंजूर करण्यापूर्वी मातीच्या जिवंत पापुद्र्याची पाहणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

उन्हाळा लागला की बारामती, इंदापूर, दौंड, कर्जत या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या माळावर जेसीबी चढतो. सलग समतल चर निघतात, दोन-दोन फुटांचे खड्डे पडतात आणि पावसाळ्यात त्यात ग्लिरिसिडिया नाहीतर आणखी काहीतरी लागते. काम मृदसंधारणाच्या नावाने होते, आणि माती धरून ठेवणारी जी गोष्ट तिथे आधीपासून फुकटात हजर असते, तीच पहिल्या तासात उलथून पडते. तिची नोंद अंदाजपत्रकात नसते, त्यामुळे ती गेल्याचीही नसते.

ती गोष्ट म्हणजे मातीचा वरचा पापुद्रा. काही मिलिमीटर जाडीचा. गवताच्या ठोंबांमधली मुरमाड जागा आपल्याला उघडी वाटते, पण तिच्यावर नीलहरित जिवाणू, बुरशी, शेवाळ आणि काही ठिकाणी मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद एकत्र नांदत असतात. उन्हात हे सगळे वाळून काळपट पडते. पापुद्रा मेलेला नसतो, थांबलेला असतो. साहेब, कधी माळावर आलात तर अशी एक चकती अलगद उचलून मधोमध मोडून पाहा. तुकडा वेगळा होतो, पण मातीचे कण त्या नीलहरित जिवाणूंच्या केसाहून बारीक तंतूंना लोंबकळत राहतात. त्याच जागेवर बाटलीतले थोडे पाणी शिंपडा. काही मिनिटांत काळ्याचे हिरवे होते, कारण ओल मिळताच तंतू वर सरकतात.

हे तंतू चिकट आवरण सोडतात आणि त्याने माती बांधली जाते. ती वाऱ्याने उडत नाही, वळवाच्या टपोऱ्या थेंबांनी फुटत नाही. यातले काही जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. ज्या माळावर वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस आणि शेणाशिवाय दुसरे खत नाही, तिथे कुसळी, पवना, मारवेल या गवतांना हा हातभार मोठा आहे. जगाच्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के भागावर असे पापुद्रे असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

यावर तुमचे अभियंते म्हणतील की खपलीने पाणी मुरत नाही, ती फोडलीच पाहिजे. शेतातल्या खपलीबद्दल ते खरे आहे. पेरणीनंतर पाऊस पडून उघडीप झाली की काळ्या रानात जी घट्ट खपली धरते, ती निर्जीव असते, कोंब अडवते, म्हणून शेतकरी ती फोडतो. माळावरची जिवंत असते. तिच्यावरून काही पाणी वाहते हे मान्य. पण ते जाते कुठे? शेजारच्या गवताच्या ठोंबाकडे. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या अभ्यासांत हेच दिसले: पापुद्र्यावरून वाहिलेले पाणी झुडपांच्या बुडाशी मुरते आणि एवढ्या कमी पावसात झुडूप त्यावरच तगते. कोरड्या प्रदेशात पाणी सगळीकडे सारखे मुरवायचा हट्ट धरला तर ते कुणालाच पुरत नाही.

आणि हा पापुद्रा मोडला की काय होते, तेही त्याच भागात दिसते. इजिप्त-इस्रायल सीमेच्या दोन्ही बाजूंना वाळू एकच, पाऊस एकच. तरी १९७०च्या दशकातल्या उपग्रहचित्रांत सीमारेषा स्पष्ट उमटली. इजिप्तकडच्या सिनाईच्या बाजूला चराई आणि तुडवणीने पापुद्रा मोडला होता, म्हणून ती बाजू पांढरट. नेगेवच्या बाजूला तो टिकला, म्हणून ती गडद. चीनने तर १९५०च्या दशकात बाओतोउ-लानझोऊ रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून शापोतोउ इथे गवताच्या काड्यांच्या चौकटी रोवल्या. चौकटींनी वाळू थांबली, थांबलेल्या वाळूवर हळूहळू पापुद्रा धरला. तो पक्का व्हायला दशके गेली. आपल्याकडे तो बांधून तयार आहे आणि आपण पैसे देऊन उकरतो आहोत.

चराईचे उदाहरण दिले म्हणून उद्या धनगरांवर दंड लावणारे परिपत्रक निघू नये. खुराने पापुद्रा सर्वांत जास्त मोडतो तो कोरडा असताना. इथले मेंढपाळ पिढ्यानपिढ्या दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे नेमक्या कोरड्या महिन्यांत बरेचसे कळप माळावर नसतात. ही जुनी शिस्त वनखात्याच्या वेळापत्रकापेक्षा शहाणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला तेव्हापासून ‘मोकळी जागा दिसली की रोप’ हा विचार खात्यात मुरला आहे. चिंकारा, लांडगा, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षी यांना ती मोकळी जागाच हवी असते, हे आपल्याच वन्यजीव विभागाला चांगले ठाऊक आहे. इंदापूर-बारामतीत आपण गवताळ सफारी सुरू केली, तेही याच जाणिवेतून. मग एका विभागाने जे दाखवायचे, ते दुसऱ्याने खणायचे, हे कसे?

माझी मागणी फार खर्चाची नाही. माळावरच्या चर-खड्ड्यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकासोबत पापुद्र्याचा पाहणी अहवाल जोडावा. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी तो दोन-चार दिवसांत करून देतील. जिथे पापुद्रा आणि गवत शाबूत आहे, तिथे यंत्र जाणार नाही. धुपून गेलेल्या ओघळींत, जुन्या खाणपट्ट्यांत खुशाल काम करा, तिथे गरज आहेच. सफारीच्या गाड्या ठरलेली चाकोरी सोडणार नाहीत, हे बघायला माणूस नेमा. पुढच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यात, हे यावे, पण त्यासाठी थांबू नका. येत्या उन्हाळ्याच्या कामांना सहसा थंडीतच मंजुरी मिळते. त्याआधी एक पानी आदेश निघाला तरी यंदाचे बरेच माळ सुटतील.

आपला,
बारामती तालुक्यातील एक नागरिक