दर मिनिटाला विझणारा गिझर आणि ‘डायरेक्ट’ करून देणारा तुमचा माणूस

नाशिक
१६ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गॅस गिझर पेटून विझणे, तीन भेटींनंतरही दुरुस्ती न होणे आणि सुरक्षा सेन्सर काढून टाकण्याचा प्रयत्न.

महोदय,

तुमच्या कंपनीचा मिनिटाला ६ लिटर पाण्याचा गॅस गिझर मी २०२३च्या धनत्रयोदशीला घेतला. वॉरंटी दोन वर्षांची आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तो नळ सोडल्यावर व्यवस्थित पेटतो आणि मिनिटभरात विझतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की टक-टक-टक ठिणगी, पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. घरात ८२ वर्षांची आई आहे आणि नाशिकची जानेवारीतली पहाट कशी असते ते तुम्ही कुठेही बसला असलात तरी वर्तमानपत्रात वाचत असालच.

एवढेच असते तर मी पुन्हा एकदा कॉल सेंटरला फोन केला असता. परवा संक्रांतीच्या दिवशी जे घडले त्यामुळे कागद घेऊन बसलो आहे. पण ते समजायला आधीच्या दोन भेटी सांगाव्या लागतील.

पहिला टेक्निशियन आला, सेल काढले, जिभेला लावल्यासारखे करून म्हणाला, “काका, सेल डाऊन.” दोन नवे सेल घातले, भेटीचे ३५० रुपये घेतले (वॉरंटीत कसले, विचारल्यावर “ते व्हिजिटचे”), आणि गेला. तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत गिझर विझलेला होता. मी ३४ वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली आहेत, मल्टिमीटर घरात आहे. दोन्ही सेल मिळून ३.१ व्होल्ट, ठिणगी पडताना २.९. सेल खणखणीत होते. जुनेही तपासले, तेही बरे होते. ते आता भिंतीवरच्या घड्याळात आणि टॉर्चमध्ये चालले आहेत.

दुसऱ्याने वाऱ्याला दोष दिला. गिझर ड्राय बाल्कनीत आहे. तुमच्याच माणसाने तिथे बसवला आणि जागा योग्यच निवडली. हा म्हणाला, वाऱ्याने ज्वाला विझते, बाल्कनीला अ‍ॅक्रिलिकची शीट मारून पॅक करून घ्या. तो गेल्यावर मी घड्याळ लावून बसलो. अकरा वेळा गिझर पेटवला. अकराही वेळा तो ५० ते ७० सेकंदांच्या दरम्यान विझला. वारा इतका वक्तशीर नसतो, साहेब. शिवाय त्यातल्या चार वेळा बाहेर दोरीवरचा पंचासुद्धा हलत नव्हता.

पेटल्यावर चार-पाच सेकंदांत विझला असता तर मी ज्वाला ओळखणाऱ्या पिनवर संशय घेतला असता. त्या पिनला ज्वाला ‘दिसली’ नाही की यंत्र गॅस बंद करते. पिनवर काजळी धरली किंवा ती वाकून ज्वालेपासून दूर गेली की असे होते. पण मिनिटभर जळून, तेही दर वेळी ठरावीक वेळाने विझणारा गिझर दुसरेच काही सांगत असतो. म्हणून विझण्याआधीच्या दहा सेकंदांत नळाखाली बोट धरले. चटका बसला. गॅसची चावी अगदी बारीक ठेवून पाहिली, तर चार-पाच मिनिटे टिकला. म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापत होते आणि तापले की आतला उष्णतेचा सेन्सर गॅस तोडत होता. सेन्सर त्याचे काम करत होता.

पाणी जास्त का तापते? मग बादली आणली. गिझरमधून १० लिटरची बादली भरायला ३ मिनिटे ५० सेकंद लागली. गिझरला जाणारी थंड पाण्याची नळी काढून तीच बादली तिच्यावर भरली, १ मिनिट १५ सेकंद. टाकीचे प्रेशर चांगले आहे, पाणी गिझरच्या पोटात अडते आहे. पाणी आत शिरते तिथली जाळी मी काढून धुतली, चिमूटभर वाळू निघाली, पण बादलीच्या वेळेत फरक पडला नाही. उरली तांब्याची कॉईल, म्हणजे ज्वालेवरून पाणी नेणारी नळी. आमच्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळून येते, पातेल्यात उकळले तर तळाला पांढरा थर बसतो. तोच थर कॉईलच्या आत बसला आहे, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सहा लिटर पाणी तापवायची आग अडीच लिटरला लागली तर ते उकळायला टेकणारच.

हे सगळे मी तिसऱ्या टेक्निशियनला बादलीसकट दाखवले. संक्रांत होती, आईने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मुलगा बोलायला खरोखर गोड होता. म्हणाला, “काका, बरोबर ओळखलंत, कॉईल चोक आहे. पण कॉईलचं काढलं तर आठ दिवस जातील. मी सेन्सर डायरेक्ट करून देतो, पाच मिनिटांचं काम.”

आणि मी काही बोलायच्या आत त्याने कव्हर काढून गरम पाण्याच्या नळीवरच्या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पिळल्या आणि नळ सोडला.

गिझर विझला नाही. एक मिनिट झाले, दीड झाले. मग कॉईलमधून खदखद ऐकू येऊ लागली, चुलीवर आधणाचे पाणी बोलते तशी. नळातून पाण्याबरोबर वाफेचे फुत्कार येऊ लागले. तो मुलगा माझ्याकडे बघून हसत होता, “बघा, चालला!” मी वाकून रेग्युलेटर बंद केला. बाथरूममध्ये त्या वेळी आई असती तर काय झाले असते, हे त्याला विचारले. त्याचे उत्तर शब्दशः लिहितो : “काही नाही होत काका, सिडकोत, इंदिरानगरला, सगळीकडे आम्ही असंच करून देतो. एकाची पण परत कम्प्लेंट नाही.”

या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

कव्हर उघडे असताना मला आणखी एक गोष्ट दिसली. कॉईलच्या वरच्या पत्र्यांच्या फटींत काजळी भरली होती आणि ज्वालेची टोके पिवळी होती. निळी ज्वाला पिवळी होते तेव्हा गॅस पुरता जळत नसतो. एक लिटर एलपीजी वायू नीट जळायला पंचवीस-तीस लिटर हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर नाकाला कळावे म्हणून एलपीजीत वास मिसळलेला असतो, पण हा वायू कोणी सुगंधी करून पाठवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, गळून गेल्यासारखे वाटते, माणूस म्हणतो जरा बसतो, आणि बसलेला उठत नाही. आता दुसऱ्याच्या सांगण्यावरून बाल्कनी पॅक केली असती आणि तिसऱ्याच्या हातून सेन्सर काढून घेतला असता, तर तुमच्याच दोन माणसांचे सल्ले माझ्या घरात एकत्र आले असते. दोघांनीही ते सेवा म्हणूनच दिले.

गिझरच्या पाटीवर आयएस १५५५८ असा मानक क्रमांक आहे. तुमचा माणूस पक्कड घेऊन वायरी पिळतो तेव्हा त्या पाटीला काही अर्थ उरतो का, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे.

मी त्याला वायरी पूर्ववत जोडायला लावल्या. त्याने जॉब शीटवर “ग्राहकाने काम नाकारले” असे लिहिले आणि ओटीपी मागितला. मी दिला नाही. तरीही रात्री संदेश आला : आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. ओटीपीशिवाय ती कशी सुटली, हे शोधायला माझा मल्टिमीटर चालत नाही.

काल कॉल सेंटरवरच्या ताई म्हणाल्या की क्षार धरणे वॉरंटीत बसत नाही. बसत नसेल. मग पहिल्याच भेटीत बादली लावून तसे सांगायचे होते, कॉईल काढून अ‍ॅसिडने धुवायची होती, मी पैसे दिले असते. आमच्या कारखान्यात हीट एक्स्चेंजरला दर वर्षी हेच करायचो, त्यात लाज नव्हती. न बिघडलेले सेल बदलायच्या त्या भेटीचे ३५० रुपये मात्र मला परत हवेत. रक्कम लहान आहे, पण निदान चुकीचे होते.

माझ्या गिझरची कॉईल धुवा किंवा बदला, काजळी साफ करा, आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते माझ्यासमोर मोजा. हे झाले माझे काम. त्याहून तातडीचे काम तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. ‘विझतो’ या तक्रारीवर तुमचे टेक्निशियन नाशिकमध्ये या हिवाळ्यात ज्या ज्या घरी गेले, त्या प्रत्येक घरी फोन करून सेन्सर जागेवर आहे का ते माणूस पाठवून बघा. त्या लोकांची परत तक्रार येणार नाही, कारण त्यांचा गिझर आता विझत नाही. त्या मुलाला काढून टाकावे असे मी म्हणत नाही. त्याला हे कोणी शिकवले आणि दिवसाला किती तक्रारी बंद करायचे बंधन त्याच्यावर आहे, ते आधी पाहा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, वॉरंटी कार्ड, तिन्ही जॉब शीट आणि संक्रांतीच्या दिवशी माझ्या मुलीने काढलेला पिळलेल्या वायरींचा फोटो जोडला आहे.

तोवर गिझरचा रेग्युलेटर बंद आहे. आईला माळ्यावरचा तांब्याचा बंब आठवला आहे. तो विझला तर लाकूड ओले आहे एवढाच अर्थ असायचा, असे ती म्हणते. तिसऱ्या मजल्यावर बंब पेटवायला सोसायटी देणार नाही, त्यामुळे शेगडीवर पातेली चढतात. माणूस पाठवाल तो सकाळी दहानंतर पाठवा. त्याआधी आम्ही स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत पाणी वाहत असतो आणि दार उघडायला कोणाचे हात मोकळे नसतात.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व तक्रार क्रमांक सोबतच्या जॉब शीटवर आहेत.)