कर्त्याचा रकाना कोरा ठेवणाऱ्या ग्रंथपालबाईंना

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

नाव छापू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून छापत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

जुन्या नाटक मंडळ्यांत पौराणिक आख्यान संपलं की फार्स, म्हणजे छोटा विनोदी खेळ, व्हायचा. तसल्याच एका शिळाछाप फार्सवर मी काम करतो आहे. मुखपृष्ठावर एका गृहस्थांचं नाव आहे, आणि आजवर सगळे त्यांनाच कर्ते मानत आले. मला ते पटत नव्हतं. त्यातले शास्त्रीबुवा बोलतात ते एका हाताचं वाटतं, नोकर बोलतो ते दुसऱ्याच.

१८६७च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्यानंतर छापील पुस्तकांच्या तिमाही याद्या सरकारी गॅझेटासोबत निघत. तुम्ही ती जीर्ण यादी काढलीत आणि बोट ठेवून दाखवलंत की कर्त्याचा रकाना वेगळा, हक्काच्या मालकाचा वेगळा. आमचे गृहस्थ मालकाच्या रकान्यात होते. कर्त्याच्या रकान्यात काहीच नव्हतं!

तुम्ही तिथेच थांबला नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून पदं सूत्रधार म्हणे आणि भाषणं बरीचशी नट आयत्या वेळी करत, याची तुम्ही आठवण दिलीत. मग हा फार्स कुणी एकाने बसून लिहिला, की नटांच्या तोंडचं ऐकून कुणी उतरवून घेतला? गो. ब. देवलांच्या १८९३च्या 'फाल्गुनराव' नाटकाचा माग काढत आयरिश नाटककार मर्फी आणि त्याच्याही मागे फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जाता येतं. इथे तसा धागाच नाही.

एखादं मोठं नाव जोडा, पुस्तिका खपेल, असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही सूचीत सरळ 'कर्ता अज्ञात' लिहिलंत आणि मालकाचं नाव त्याच्या जागी ठेवलंत. ज्या नटांची नावं कुणी टिपली नाहीत, त्यांचा वाटा त्या कोऱ्या जागेमुळे शाबूत राहिला. एवढ्या काळजीने केलेली नोंद मी क्वचितच पाहिली आहे.

आता मी तुम्ही सुचवलेल्या कामाला, जुन्या हस्तलिखित प्रती शोधायला, लागलो आहे. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी जुन्या नाटक मंडळ्यांच्या खेळांच्या अशा प्रती पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयात दाखवा, पानं अर्धवट असली तरी चालतील.

आपला कृतज्ञ,
एक नाट्यअभ्यासक