रात्रपाळीच्या त्या तंत्रज्ञांचे उशिराने आभार

नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर दोनदा इंटरनेट कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला, दोन्ही वेळा भलतंच कुणी उचललं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

मी ती डायल-अपवाली, म्हणजे फोनच्या लाइनवरून मोडेमने इंटरनेट जोडणारी, जिचं कनेक्शन लागायचं पण चालायचं नाही. मोडेमची किरकिर व्हायची, स्पीड सेकंदाला ३३,६०० बिट दिसायचा, रडतखडत का होईना ईमेल यायच्या. पण एखादी झिप फाइल उतरवायला घेतली की मध्येच सगळं ठप्प. बरं, कनेक्शन तुटायचंही नाही; तुटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तुमच्याआधी तिघांशी बोलून झालं होतं. एक म्हणाला लाइनला खरखर आहे, दुसरा म्हणाला मोडेम बदला, तिसऱ्याने थेट फॉरमॅट मारायला सांगितलं.

तुम्ही काही सांगितलंच नाहीत. विचारलंत, "अडकतं तेव्हा मोडेमचे दिवे काय करतात?"

मी कधी बघितलेच नव्हते. लाइन एकच, त्यामुळे तुमच्याशी बोलायचं तर इंटरनेट बंद, आणि इंटरनेट चालू तर तुम्ही गायब. फोन ठेवला, कनेक्शन जोडलं, फाइल अडकू दिली आणि घड्याळ घेऊन मोडेमपुढे बसले. सीडीचा, म्हणजे कनेक्शन जोडलेलं असल्याचा दिवा स्थिर. आरडीचा, म्हणजे डेटा येत असल्याचा, लुकलुकला, तीन सेकंदांनी पुन्हा, मग सहा, मग बारा, मग चोवीस. एसडीचा, म्हणजे डेटा जात असल्याचा, मात्र एकदाही नाही. हे आकडे वाचून दाखवले तेव्हा पलीकडून "अरे वा!" आलं. महिनाभरात पहिल्यांदाच माझ्या तक्रारीवर कुणी खूश झालं होतं.

"लाइन ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "तिकडचा सर्व्हर तोच तुकडा परत परत पाठवतोय, दर वेळी दुप्पट थांबून. तुमचा कॉम्प्युटर 'मिळाला' असं म्हणतच नाहीये. त्याला कुणीतरी गप्प बसवलंय." लाइनची खरखर असती तर दोन्हीकडच्या मोडेमनी चुका आपसात निस्तरल्या असत्या, वेग पडला असता, पण अशी एकतर्फी शांतता नसती.

मग तुम्ही तुमच्या सर्व्हरवर सारख्याच आकाराच्या दोन फाइली ठेवल्यात. 'चल' नावाच्या फाइलीत नुसती ए अक्षरं, 'थांब'मध्ये नुसता १९ क्रमांकाचा बाइट. 'चल' दोन हिसक्यांत उतरली. 'थांब' शून्यावरच बसली.

माझा कॉम्प्युटर मोडेमशी सेकंदाला १,१५,२०० बिट वेगाने बोलायचा आणि लाइनवर त्याच्या तिसरा हिस्साही जायचा नाही, म्हणून एकमेकांना "जरा थांब" म्हणायची सोय लागायची. ती वेगळ्या तारांवरून करता येते; त्या तारांना आरटीएस-सीटीएस म्हणतात, आणि सेटिंगमध्ये या तऱ्हेचं नाव 'हार्डवेअर'. किंवा टेलिप्रिंटरच्या जमान्यातली जुनी तऱ्हा: डेटाच्याच वाटेने खूण पाठवायची, १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे चल; हिचं नाव 'सॉफ्टवेअर'. माझ्याकडे ही दुसरी चालू होती. झिप फाइलीत १९ कुठेही येणार. तो आला की कॉम्प्युटर त्याला हुकूम समजून मुका व्हायचा, वर तो बाइटही गिळायचा. मग तुकड्याची तपासणीची बेरीज जुळायची नाही आणि तुकडा बाद. तोच पुन्हा आला की पुन्हा तेच. पीपीपीत, म्हणजे डायल-अपवर डेटा पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, असे बाइट वेष बदलून पाठवता येतात, १९ ऐवजी १२५ आणि ५१ अशी जोडी. पण माझ्या डायलरने, म्हणजे नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामने, कनेक्शन जोडतानाच "गरज नाही" असं कळवून टाकलं होतं. हे तुम्ही तुमच्याकडच्या नोंदी बघून सांगितलंत.

मोडेमच्या सेटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर'च्या जागी 'हार्डवेअर' निवडलं. 'थांब' न थांबता उतरली.

एक सांगायचं राहिलंय. तुम्ही विचारलंत, "ही सेटिंग कुणी बदलली?" आणि मी म्हणाले, "आपोआप झाली असेल." तुम्ही क्षणभर थांबून "असेल, असेल" म्हणालात. वेग वाढेल असं कुणीसं सांगितलं होतं म्हणून महिन्यापूर्वी मीच बदलली होती. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं ना? त्या "असेल, असेल"बद्दलही आभार.