दादाच्या स्किझोफ्रेनियावरच्या शॉक ट्रीटमेंटबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांनी "शॉक वगैरे काही नको" म्हणून विषयच संपवला, म्हणून लिहितेय. रागावू नका, पण पूर्ण वाचा.

तुमच्या मनात हातपाय धरून दिलेला शॉक आहे, ते मला कळतं. १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे हीच शॉक ट्रीटमेंट, सुरू केली तेव्हा खरंच भूल नव्हती. आता आधी भूल देतात, मग स्नायू सैल पडायचं इंजेक्शन, ऑक्सिजन चालू असतो, आणि विजेने मेंदूत येणारा फिटसारखा झटका साधारण मिनिटभरात संपतो, अंग फारसं हलतही नाही. दादाला त्या वेळचं काही जाणवणार नाही. उठल्यावर डोकं दुखेल, थोडा वेळ गोंधळेल, तेवढं धरून चला.

आई, तू म्हणालीस मग गोळ्या तरी सुटतील, तर तसं नाहीये गं. ईसीटी गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊन झाली, मग बाकी औषधांनी भागलं नाही की देतात ते क्लोझापिन आलं, दर वेळी रक्त तपासून पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघत आपण ते नीट दिलं, तरी आवाज येतातच आणि शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात हेही डोक्यातून जात नाही. अशाच, क्लोझापिननेही बरं न वाटलेल्या ३९ पेशंटवर एक अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापून आला. क्लोझापिन चालू ठेवून ज्यांना ईसीटी दिली त्यांच्यातल्या निम्म्यांना आठ आठवड्यांत चांगला फरक पडला, नुसत्या क्लोझापिनवाल्यांत एकालाही नाही. अभ्यास छोटा आहे, आणि बाकीच्या निम्म्यांना ईसीटी देऊनही तेवढा फरक पडला नाही हेही खरंय, म्हणून मी गॅरंटी देत नाहीये. त्यातून आवाज, संशय कमी होतील पण त्याचं गप्प गप्प बसणं तसंच राहू शकतं.

मला खरी काळजी आठवणींची वाटते. ईसीटीच्या कोर्सच्या काळातल्या आणि त्याच्या थोड्या आधीच्या गोष्टी पुसट होतात, बऱ्याचशा परत येतात, काही येत नाहीत. हे दादाला आधी सांगायलाच हवं, तो जरा स्थिर असेल त्या दिवशी, आणि हो किंवा नाही त्याने स्वतः म्हणायला हवं. आपण तिघांनी परस्पर ठरवायचं नाही, प्लीज.

बाबा, दादाची रात्रीची झोपेची गोळी डॉक्टरांना दाखवाच, त्यातल्या काही गोळ्यांनी हा झटका नीट येत नाही, पण आपल्या मनाने बंद करू नका. आणि कोर्स संपल्यावर पुढे काय ते आत्ताच विचारून ठेवा, क्लोझापिन किती, अधूनमधून ईसीटी लागेल का, कारण सगळं एकदम थांबवलं की आजार उलटायची भीती असते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा मला फोन लावून स्पीकरवर ठेवा, मलाही विचारायचंय.

तुमची,
ताई