वही बंद करू नकोस

भुसावळ,
१४ डिसेंबर

प्रिय दिलीप,

तुझं पत्र मंगळवारी आलं. "चित्रं आता रिटायर झाल्यावरच, बँकेतून घरी येतो तेव्हा हातात जीव उरत नाही," हे तुझं वाक्य वाचलं आणि तिथेच अडकलो. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

२०२० च्या जानेवारीत मी मुंबईला गेलो होतो ना, तेव्हा रीगल सिनेमासमोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन पाहिलं. आल्यावर तुला सगळं सांगणार होतो, तेवढ्यात लॉकडाऊन लागला आणि ते राहिलंच. आज सांगतो.

पटवर्धनांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. तिथल्याच एएफएमसीतून, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, १९७२ साली डॉक्टर झाले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. तीस वर्षं, दिलीप! कुठल्या कला महाविद्यालयात गेले नाहीत, चित्रकला स्वतःच शिकले. दिल्लीत पहिलं एकल प्रदर्शन १९७९ चं. १९८१ साली भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी या चित्रकारांबरोबर 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात होते. चित्रात माणसाला जागा हवी, हा त्या सगळ्यांचा आग्रह. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं, 'लोअर परळ' २००१ चं. वर्षं मुद्दाम लिहितोय. ही तिन्ही चित्रं डॉक्टरकी चालू असतानाची आहेत.

'लोअर परळ'समोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. गिरण्यांचा तो भाग, जुनं उतरणीला लागलेलं, नवं वर चढत चाललेलं, आणि या सगळ्यातून आपापल्या कामाला निघालेली माणसं. कुणाला हिरो केलेलं नाही, कुणाची कीवही नाही. मला आमचे अण्णा दिसले. लोको शेडमधून ड्यूटी संपवून यायचे, काखेत डबा, मानेवर काळं वंगण, आणि दारात आले की आधी हात पुढे करून साबण मागायचे. त्या हातांचं चित्र कुणी काढावं असं मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. ज्यांची चित्रं काढतो त्यांना ती आपली वाटावीत, अशी पटवर्धनांची इच्छा. माझ्यापुरती ती पूर्ण झाली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००८ साली त्यांनी आजच्या चित्रकारांची मूळ चित्रं निवडून महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवली. आपण पोरं होतो तेव्हा काय पाहिलं होतं रे? कॅलेंडरं, आणि शाळेच्या सहलीतलं अजिंठा. कॅनव्हासवरचा रंग जवळून कसा दिसतो ते मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

आता तुझं. नंदुरबारहून सुटीला येताना पॅसेंजरमध्ये तू जी चित्रं काढायचास, ती वही माझ्याकडेच आहे. दोंडाईच्याला मिरचीची पोती घेऊन चढलेली ती म्हातारी, अमळनेरला दारात बसून झोपलेला तो पोरगा. ही माणसं तुला गाडीत भेटली, आणि गाडीत तू नोकरीपायी होतास. बँकेच्या खिडकीसमोर रोज किती चेहरे येतात! पीककर्जाच्या रांगेत उभा राहिलेला बाप्या हातातला कागद कसा धरतो, हे तुझ्याइतकं कुणाला दिसतं? मोठा कॅनव्हास जमत नसेल तर नको. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पेन्सिल धर. थकवा खरा आहे, मी तो खोटा म्हणत नाही. पण अजून अकरा वर्षं थांबलास तर ही माणसं तुझ्यासाठी थांबणार नाहीत, अण्णा तरी कुठे थांबले?

पुढच्या रविवारी ये. बामणोदची वांगी आणून ठेवतो, काड्यांवर भाजू, आई कळण्याच्या भाकरी करते म्हणालीये. तुझी वही टेबलावर काढून ठेवलीय. मागची सोळा पानं कोरी आहेत.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
प्रकाश